पवनचक्कीतला बिघाड वेळेत पकडायचाय? या चुका टाळा

सोलापूर भागात वाऱ्याचा खरा हंगाम जून ते ऑगस्ट. बेअरिंग नेमकं तेव्हाच गेलं, तर क्रेन काळ्या मातीत रुतते आणि जोराच्या वाऱ्यात तिचा बूम (लांब हात) वर नेता येत नाही. म्हणून दोष मार्चपर्यंत हाती लागायलाच हवा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे वेगवेगळ्या वेगाची आणि लोडची व्हायब्रेशन रीडिंग एकमेकांशी ताडून बघणं. जनरेटर बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवरचा दोष शाफ्टच्या एका फेऱ्यात ३.६ ठोके देतो असं धरा. १५०० आरपीएमला तो ९० हर्ट्झवर दिसेल, १२०० ला ७२ वर. रेकॉर्डिंग चालू असताना वेग बदलला की आलेखातला हा सुळका पसरून दिसेनासा होतो आणि नवखा माणूस 'बेअरिंग ओके' लिहून खाली उतरतो. टॅकोचा (फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा) पल्स सोबत घ्या आणि ऑर्डरमध्ये, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यामागे किती ठोके या मापात बघा, सुळका ३.६ वरच उभा राहील. बेअरिंगचा नंबर मात्र प्रत्यक्ष बसवलेल्याचाच घ्या. बदलताना दुसऱ्या कंपनीचं बसलं असेल तर हा ३.६ चा आकडाही बदलतो.

दुसरी चूक उन्हाळ्यातली. एप्रिलमध्ये तापमानाचे अलार्म वाजायला लागले की मर्यादाच पाच अंशांनी वाढवून टाकतात. हा शॉर्टकट अजिबात नको. समजा, एप्रिलमध्ये बेअरिंग ७६ अंश आणि नॅसेल (टॉवरवरची यंत्रांची पेटी) ४५, म्हणजे फरक ३१. डिसेंबरमध्ये बेअरिंग ६२ आणि नॅसेल २०, म्हणजे फरक ४२. लोड सारखाच असेल तर काळजी डिसेंबरची करायची, आणि तेव्हा अलार्म गप्प असतो. फरकाचा आलेख ठेवा, कूलरचा पंखा चालू होता का तेही नोंदवा आणि शेजारच्या त्याच मॉडेलच्या टर्बाइनशी ताडून बघा.

मेन बेअरिंग (पाती बसवलेल्या मुख्य शाफ्टचं) मिनिटाला १२ ते १८ फेरेच फिरतं. गिअरबॉक्सचा सेन्सर तिथे लावून उपयोग नाही. कमी फ्रिक्वेन्सीचा सेन्सर आणि काही मिनिटांचं रेकॉर्डिंग लागतं.

सेन्सरचा मॅग्नेट रंगावर चिकटवू नका. रंग खरवडून स्टड (सेन्सर घट्ट बसवायचा स्क्रू) बसवा.

ऑइलचं सॅम्पल फिल्टरच्या आधीच्या पॉइंटवरून, तेल गरम असताना घ्या. व्हॉल्व्हमधलं साचलेलं तेल आधी सोडून द्या. बाटलीचं झाकण त्यानंतरच उघडा, नाहीतर लॅब आपल्याकडची धूळच मोजून देते.

बेअरिंग तापलं की आणखी ग्रीस मारायची सवय सोडा. जादा ग्रीसनेही ते तापतं. आधी ड्रेन प्लग (जुनं ग्रीस बाहेर पडायच्या तोंडाचं बूच) उघडून बघा.