पोलच्या निकालावर भांडावं कसं

निकाल जाहीर झाला की पहिल्या पाच मिनिटांत तीन वाक्यं ठरलेली. ‘हा पहिला? काय सांगता!’, ‘आणि आमचा यादीतच नाही?’, ‘मतं देणाऱ्यांनी सिनेमे पाहिलेत तरी का?’ आमच्या सिनेमाप्रेमी मंडळात आवडत्या सिनेमांच्या पोलची मतं मोजायचं काम माझ्याकडे असतं. बाकी कुणाला ते नको असतं आणि मला तक्ते भरायला आवडतात. त्यामुळे या तिन्ही वाक्यांचा पहिला मारा माझ्यावरच होतो.

भांडणाला माझी ना नाही. पोल घ्यायचा तो त्यासाठीच. पण तावातावाने चाललेली बरीचशी भांडणं खरं तर सिनेमावर नसतातच, मोजण्याच्या रीतीवर असतात, आणि भांडणाऱ्यांच्या ते गावीही नसतं. म्हणून मोजणाऱ्या बाजूने हे थोडं सांगणं.

आधी मोजणी विचारा

पहिल्या क्रमांकावर तुटून पडण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. प्रत्येकाला किती सिनेमे लिहायचे होते? त्यांचा क्रम लावायचा होता का? आणि प्रश्न नेमका काय विचारला होता? तेवढ्यानेही अर्धा राग उतरतो.

कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून मी कागदावर हे गणित करून दाखवते. समजा वीस जण आहेत आणि तीन सिनेमे: एक युद्धपट, एक रहस्यपट, एक विनोदी. आठ जणांचा क्रम युद्धपट, विनोदी, रहस्यपट असा आहे. सात जणांचा रहस्यपट, विनोदी, युद्धपट. उरलेल्या पाच जणांचा विनोदी, रहस्यपट, युद्धपट.

नुसती पहिली पसंती मोजली तर युद्धपट जिंकला: ८, ७, ५. आता दुसरी रीत. सगळ्यात कमी पहिल्या पसंतीचा विनोदी बाद करा आणि त्याची पाच मतं त्या लोकांच्या दुसऱ्या पसंतीला द्या. रहस्यपट १२, युद्धपट ८. जिंकला रहस्यपट. तिसरी रीत गुणांची: पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. विनोदी २५, रहस्यपट १९, युद्धपट १६. जिंकला विनोदी. मतपत्रिका त्याच, कुणी लबाडी केली नाही, कुणाचं मन बदललं नाही, आणि तिन्ही सिनेमे रीतसर पहिले आले. शिवाय पहिल्या रीतीने जिंकलेल्या युद्धपटाला वीसपैकी बारा जणांनी शेवटी टाकलं होतं, हेही बघा.

हे काही मी शोधलेलं नाही. गुणांची रीत फ्रेंच गणितज्ञ ज्यां-शार्ल द बोर्दा यांनी १७७० मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. त्यांच्याच काळातले फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांचं म्हणणं वेगळं होतं: प्रत्येक जोडीची समोरासमोर लढत लावा, जो सगळ्यांना हरवेल तो खरा. त्यांचं पुस्तक १७८५ चं. वरच्या उदाहरणात विनोदी सिनेमा युद्धपटाला १२-८ ने आणि रहस्यपटाला १३-७ ने हरवतो, त्यामुळे मला विचाराल तर जिंकायला हवा तोच. पण कधीकधी पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला, मग ही रीतही हात टेकते. पुढे १९५१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी सिद्धच केलं की तीन किंवा जास्त पर्याय असतील तर न्याय्य वाटणाऱ्या साध्यासुध्या अटी एकाच वेळी पाळणारी क्रम लावायची रीत असूच शकत नाही. तेव्हा ‘मोजणी चुकली’ म्हणण्याआधी कुठल्या मोजणीने तुमचा सिनेमा वर येतो ते शोधा, आणि तीच रीत पुढच्या खेपेला तुमच्या विरोधात गेली तरी मान्य कराल का, ते स्वतःला विचारा.

ऑस्करवर दरवर्षी चिडणाऱ्यांसाठी एक जोड. सर्वोत्तम चित्रपटाच्या अंतिम फेरीत २००९ च्या सिनेमांपासून ही बाद करत जाण्याची रीत वापरतात. नामांकनं पाचाची दहा केली त्याच वर्षी हा बदल झाला. या रीतीत थोड्यांना वेड लावणारा पण बाकीच्यांना अजिबात न पटलेला सिनेमा मागे पडू शकतो आणि पुष्कळांचा दुसरा-तिसरा असलेला पुढे येऊ शकतो. ‘सगळ्यांना चालेल असाच सिनेमा जिंकतो’ ही तक्रार खरी असेलही, पण तो मतदारांच्या रसिकतेवरचा आरोप होत नाही. रीतच त्यासाठी निवडलेली आहे.

‘पहिला’ म्हणजे किती जणांचा?

जगातला सगळ्यात मानाचा पोल ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाचा. १९५२ पासून दर दहा वर्षांनी. प्रत्येकाने दहा नावं द्यायची, क्रमाला किंमत नाही, प्रत्येक नावाला एक मत. २०१२ मध्ये ८४६ जणांच्या याद्या आल्या आणि ‘व्हर्टिगो’ १९१ मतांनी पहिला आला. ‘सिटिझन केन’ १५७ वर राहिला. १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा तो पहिला होता, त्यामुळे केवढा गहजब झाला. पण १९१ म्हणजे ८४६ पैकी जेमतेम २३ टक्के. दर चारांतल्या तिघांहून जास्त मतदारांनी जगातला ‘सर्वोत्तम’ सिनेमा आपल्या पहिल्या दहांतही धरला नव्हता!

हा आकडा मला फार उपयोगी पडतो. कुणी ‘म्हणजे तुम्हा सगळ्यांच्या मते हा सर्वश्रेष्ठ?’ असं विचारलं की मी टक्केवारी पुढे करते. लांबलचक यादीतून निवडायला सांगितलं की मतं विखुरतात आणि पहिला क्रमांक थोड्याशा ढिगाऱ्यावर उभा असतो. म्हणून निकाल जाहीर करताना क्रमांकाशेजारी मतं आणि एकूण मतदार, दोन्ही लिहायचे. पहिल्या आणि चौथ्यात तीन मतांचा फरक असेल तर तो लोकांना दिसलाच पाहिजे. ते न लिहिणारा मोजणारा भांडण लावून देतो आणि नामानिराळा राहतो.

मतं फुटण्याचाही हिशेब असतो. एखाद्या दिग्दर्शकाचे सहा सिनेमे तोलामोलाचे असले तर त्याचे चाहते सहा ठिकाणी वाटले जातात, आणि ज्याचा एकच गाजला त्याचे सगळे एकवटतात. मालिकांचं तर विचारू नका. ‘गॉडफादर’चे पहिले दोन भाग याच पोलमध्ये २००२ मध्ये एकत्र मोजले तेव्हा ते चौथे होते, २०१२ मध्ये वेगळे मोजायचं ठरलं आणि दोन्ही पहिल्या दहांतून बाहेर गेले. दहा वर्षांत त्या सिनेमांत काय बिघडलं, यावर लोक वाद घालू शकतात, पण नियम आधी वाचलेला बरा.

कुणी मत दिलं, कुणी पाहिलं

‘साइट अँड साउंड’च्या २०२२ च्या पोलमध्ये दिग्दर्शिका शांताल आकरमन यांचा १९७५ चा ‘झान दिलमान’ पहिला आला. तीन तास वीस मिनिटांचा, एका गृहिणीच्या तीन दिवसांचा सिनेमा, २०१२ मध्ये पस्तीसच्या आसपास होता. दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. इतकी मोठी उडी म्हणजे पोलची विश्वासार्हता गेली, असा त्यांचा सूर होता. मला वाटतं इथे दोन वेगळे वाद एकात मिसळले. सिनेमा तेवढा मोठा आहे का, हा एक. मतदार कोण होते, हा दुसरा. २००२ मध्ये १४५ समीक्षक होते, २०१२ मध्ये ८४६, २०२२ मध्ये १,६३९. बोलावलेली माणसंच एवढी बदलली तर यादी जागच्या जागी राहिली असती तरच मला संशय आला असता. पहिला वाद सिनेमा पाहूनच होऊ शकतो, दुसरा आकडे पाहून. एकाची उत्तरं दुसऱ्यात देऊ नका.

सिनेमा पाहायला मिळतो की नाही, याचाही निकालावर भार असतो. १९५२ च्या पहिल्या दहांत ‘सिटिझन केन’ नव्हता. मधल्या काळात तो पुन्हा थिएटरांत लागला, टीव्हीवर दिसू लागला, आणि १९६२ मध्ये थेट पहिला. सगळं श्रेय टीव्हीला द्यायचं नाही, पण न पाहिलेल्या सिनेमाला कुणी मत देत नाही एवढं नक्की.

म्हणून आमच्याकडे मी मतपत्रिकेबरोबर दुसरा कागद देते: आधीच्या पोलमधल्या पहिल्या वीसांपैकी कोणते पाहिलेत, त्यावर खूण करा. गंमत तिथे कळते. एक सिनेमा चाळीस जणांनी पाहिला आणि अठरा जणांनी मत दिलं; दुसरा बाराच जणांनी पाहिला आणि नऊ जणांनी दिलं. मतांनी पहिला पुढे, पाहणाऱ्यांच्या प्रमाणात दुसरा. मात्र दुसऱ्याचे झेंडे लगेच नाचवू नका. आडवाटेचा सिनेमा शोधून पाहणारा माणूस तो आवडायच्या तयारीनेच बसलेला असतो. प्रेक्षक सिनेमांना गुण देतात त्या ‘आयएमडीबी’ या संकेतस्थळाची अडीचशे सिनेमांची यादी हाच घोळ सूत्राने आवरते: किमान २५,००० मतं हवीत, आणि मतं कमी असतील तर सिनेमाची सरासरी सगळ्या सिनेमांच्या सरासरीकडे ओढली जाते. चाळीस-पन्नास जणांच्या गटात एवढी यंत्रणा नको, दोन्ही आकडे शेजारी छापले की पुरे.

प्रत्यक्ष भांडताना

इथे नियम थोडेच, पण ते मी हट्टाने पाळायला लावते. ज्याने मत दिलं नाही त्याने निकालावर बोलायचं ते सगळ्यात शेवटी. ‘ओव्हररेटेड’ हा शब्द वापरायचा तर सोबत एक दृश्य सांगायचं: कुठलं, त्यात काय फसलं. एवढी एक अट घातली की निम्मे लोक गप्प होतात आणि उरलेले एकदम चांगलं बोलायला लागतात. आमच्याकडची एक मुलगी पहिल्या आलेल्या सिनेमावर अशी घसरली होती की बास, पण शेवटच्या प्रसंगात संगीत कुठे सुरू होतं आणि ते दोन वाक्यं आधी सुरू झाल्यामुळे नटाचं काम कसं झाकलं जातं, हे तिने इतकं नेमकं सांगितलं की त्या सिनेमाला मत दिलेल्यांनीही तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. निकाल काही बदलला नाही.

‘त्यांना काय कळतं’ हे वाक्य बंद. त्याऐवजी ‘तुम्ही तो कोणत्या वयात पाहिलात?’ असं विचारा. या प्रश्नाने माणसं मऊ होतात आणि खरं बोलतात. आमच्यातले एक काका दरवेळी त्याच एका मूकपटाला मत देतात; त्यांच्यावर बाकीचे हसायचे, पण हा प्रश्न विचारल्यावर ते अर्धा तास पियानोच्या साथीवर बोलले.

आणि मोहीम चालवू नका. आवडत्या सिनेमासाठी चार मित्रांना पकडून आणणं, किंवा गुणांच्या पोलमध्ये सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाला टाकणं, हे मोजणाऱ्याला लगेच दिसतं. पाच मतपत्रिकांत एकच सिनेमा पहिला आणि दुसरा एकच सिनेमा शेवटचा असला की आम्हाला अंदाज येतो. बोलत नाही, एवढंच.

पुढच्या खेपेचे नियम आत्ताच लिहा

राग ताजा असताना नियम सुचतात, पण ते कुणाच्या तरी सिनेमासाठी सुचलेले असतात. म्हणून लिहून ठेवायचे आणि पुढच्या मतदानाआधी थंड डोक्याने मंजूर करायचे. निकाल लागल्यावर नियम बदलायचा नाही, कितीही हळहळ वाटली तरी.

माझी पसंती अशी आहे. लहान गटात प्रत्येकी पाच सिनेमे, क्रमाविना, प्रत्येकी एक मत. समजायला सोपं आणि तळाला टाकायची सोयच नाही. नावाबरोबर साल आणि दिग्दर्शक सक्तीचा, नाहीतर एकाच नावाच्या दोन सिनेमांची मतं एकमेकांत जातात. मालिका एक धरायची की प्रत्येक भाग वेगळा, हे आधीच छापायचं. बरोबरी झाली तर दोघेही त्याच क्रमांकावर. चिठ्ठी वगैरे टाकायची नाही. प्रश्न एकच आणि ठोस विचारायचा. ‘आज रात्री पुन्हा बघायला बसाल असे पाच’ विचारलंत तर एक यादी येते, ‘पुढच्या पिढीसाठी जपून ठेवावेत असे पाच’ विचारलंत तर भलतीच. दोन्ही घ्यायच्या असतील तर दोन पोल घ्या.

निकालाच्या कागदाच्या मागे मी एकेकच मत मिळालेल्या सिनेमांची यादी लावते. ती पहिल्या दहांपेक्षा कितीतरी लांब असते आणि तिच्यावर भांडण कधीच होत नाही, कारण त्यातले बहुतेक सिनेमे ज्याने लिहिले त्याच्याखेरीज कुणी पाहिलेलेच नसतात. पहिल्या क्रमांकावरचा वाद दमला की त्या यादीतून एक नाव काढा आणि ज्याने मत दिलं त्याला उभं करा. दहा मिनिटं द्या. शेवट सांगायचा नाही, एवढी अट घाला.