सीएसपी लावल्यावर बटणं मुकी: इनलाइन हँडलर कसे सापडले

कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीतून (सीएसपी, म्हणजे पानावर कुठला कोड चालू द्यायचा हे ब्राउझरला सांगणारे नियम) 'अनसेफ-इनलाइन' ही पानातच लिहिलेल्या कोडला दिलेली सूट काढली आणि काही बटणं दाबली तरी काहीच होईना. आता इनलाइन हँडलर, म्हणजे एचटीएमएल टॅगमध्येच 'ऑनक्लिक=' असा लिहिलेला कोड, शोधायचे होते. नुसतं 'ऑनक्लिक' शोधलं तर 'ऑनचेंज', 'ऑनएरर' निसटले. नुसतं 'ऑन' शोधलं तर 'बटन' आणि 'ऑप्शन' टॅगचाच ढीग. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

चाललेला शोधाचा पॅटर्न (रेगेक्स), याच क्रमाने: चौकटी कंसात मोकळी जागा (नवी ओळही धरून), दोन्ही अवतरणचिन्हं आणि तिरकी रेघ, यांपैकी एक; मग 'ऑन'; मग एक किंवा अधिक इंग्रजी अक्षरं; मग असली तर मोकळी जागा; शेवटी '='. लहान-मोठ्या लिपीचा भेद बंद ठेवा.

शोध अख्ख्या फाइलवर चालवा. ओळीओळीने चालवलात तर ओळीच्या अगदी सुरुवातीचा हँडलर सुटतो. माझा शेवटचा तिथेच दडला होता. स्क्रिप्टमधलं टिंबानंतरचं 'ऑनक्लिक =' यात येत नाही, पण ते पॉलिसी अडवतही नाही. स्क्रिप्टमधून 'सेटॲट्रिब्यूट'ने (टॅगला ॲट्रिब्यूट जोडणारी आज्ञा) लावलेले हँडलर मात्र वेगळे शोधा.