सी या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्रिंग (मजकूर) जोडताय? टेम्प बफर की हेल्पर फंक्शन, या चुका टाळा

समजा नाशिकच्या एखाद्या मार्केट यार्डातल्या वजनकाट्याची पावती छापायचीय, गाव, माल, वजन सगळं एका ओळीत. बहुतेक जण काय करतात, फंक्शनमधेच टेम्प नावाचा एक ॲरे (बफर, म्हणजे मजकूर ठेवायची तात्पुरती जागा) घेतात, त्यात स्ट्रकॉपी (स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन), मग स्ट्रकॅट (शेवटी जोडणारं), परत स्ट्रकॅट, आणि तोच तुकडा अजून चार ठिकाणी कॉपी पेस्ट. चालतं पण, हाच तर प्रॉब्लेम आहे.

पहिली गडबड साईझची. ॲरे ४० बाइटचा घेतला, पुरेल की! आता युटीएफ-८ (अक्षरं बाइटमधे साठवायची पद्धत) मधे देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. 'नाशिक' १५ बाइट. 'त्र्यंबकेश्वर' ३९, म्हणजे स्ट्रिंग संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य धरून ४० मधे जेमतेम बसलं. 'पिंपळगाव बसवंत' मधली स्पेस धरून बरोब्बर ४०, शून्याला जागाच नाही. स्ट्रकॉपी बिनधास्त शेजारच्या मेमरीत लिहिणार. आणि स्ट्रएनकॉपी (जास्तीत जास्त किती बाइट ते सांगून कॉपी करणारी) सेफ असते असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे ४० देऊन बघावं, ती ४० बाइट भरते आणि शून्य टाकतच नाही, मग छापताना गावाच्या नावापुढे कचरा. टेस्टिंगला ही दोन नावं वापरा, 'नाशिक' टाकून काही कळत नाही.

मग कोणीतरी म्हणतं हेल्पर लिही, म्हणजे हेच जोडायचं काम करणारं वेगळं फंक्शन. लिहितात, आणि आतल्या लोकल ॲरेचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) रिटर्न करतात. फंक्शन संपलं की ॲरे पण गेला, जीसीसी हा कंपायलर वॉर्निंग देतो पण वाचतंय कोण. ती वॉर्निंग घालवायला ॲरेला स्टॅटिक लावलं (म्हणजे तो फंक्शन संपल्यावरही राहतो) की नवीनच मजा, छापायच्या एकाच प्रिंटएफ मधे हेल्पर दोनदा बोलावला तर दोन्हीकडे एकच गाव, कारण बफर एकच. (सीच्या लायब्ररीतलं, वेळेची स्ट्रिंग देणारं सीटाइम पण असंच वागतं बरं का.) मॅलोक करून (मेमरी मागून घेऊन) दिलं तर फ्री (ती मेमरी परत) कोण करणार हे ठरवा, नाहीतर काटा दिवसभर चालू आणि मेमरी हळूहळू गळतेय.

माझं मत विचाराल तर हेल्परला बफर आणि साईझ दोन्ही बाहेरून द्या आणि आत एसएनप्रिंटएफ (साईझ सांगून बफरमधे ओळ लिहिणारं फंक्शन) वापरा. साईझ वेगळी द्यायचीच, कारण पॅरामीटरवर साईझऑफ (साईझ सांगणारा ऑपरेटर) लावलं तर ॲरेची नाही, पॉइंटरची साईझ मिळते, ६४ बिट मशीनवर ८ बाइट. आणि एसएनप्रिंटएफची रिटर्न व्हॅल्यू म्हणजे किती लिहिलं ते नाही, पूर्ण लिहायला (शेवटचं शून्य सोडून) किती बाइट लागले असते ते, म्हणून ती साईझएवढी किंवा जास्त आली की समजा ओळ कापली गेली, तीही कदाचित अक्षराच्या मधेच. हां, ज्या बफरमधे लिहिताय तोच परत परसेंट एसला (स्ट्रिंग घालायची जागा दाखवणाऱ्या %s ला) देऊ नका, अनडिफाइन्ड बिहेव्हिअर आहे, म्हणजे काय होईल याची सी हमी देत नाही.

एकाच ठिकाणी लागत असेल तर हेल्पर कशाला, टेम्पच ठेवा, फक्त स्ट्रकॅटची माळ काढून एक एसएनप्रिंटएफ टाका आणि पीसीवर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून एकदा चालवा, एक बाइट जरी बाहेर गेला तरी कुठल्या लाइनला गेला ते सांगतो.