रेषेचा चढ काढताना चिन्हात गडबड होते? असं करून बघा

चढ म्हणजे स्लोप, एक्स १ ने वाढला की वाय कितीने बदलतो तेवढंच. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, वायची वजाबाकी वर, एक्सची वजाबाकी खाली, आणि तरी उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा मायनसमुळे.

समजा अ (−३, ५) आणि ब (२, −५) असे दोन बिंदू दिलेत. आधी ठरवा कुणातून कोण वजा करायचं, आपण ब मधून अ करू. वर −५ − ५ म्हणजे −१०. खाली २ − (−३), इथे कंस घालाच, आळस करून २ − ३ लिहिलं की गेलं सगळं, कंस सोडवला की २ + ३ म्हणजे ५. −१० भागिले ५, चढ −२. उलटं अ मधून ब केलं तर वर १०, खाली −५, परत −२ च, म्हणजे क्रम कुठलाही घ्या पण वर जो घेतलात तोच खाली, वर ब − अ आणि खाली अ − ब केलं की आकडा बरोबर येतो पण चिन्ह उलटं, आणि हे पटकन लक्षात पण येत नाही.

म्हणून उत्तर आलं की एक कच्ची आकृती काढा. रेष डावीकडून उजवीकडे चढत असेल तर चढ धन, उतरत असेल तर ऋण. आपली रेष उतरतेय, सो −२ बरोबर वाटतंय. (आलेखावरून चढ काढताना नुसते चौकोन मोजू नका, दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं असेल तर फसाल, अक्षावरचे आकडे वाचा.)

आडवी रेष असेल तर वर शून्य येतो, चढ ०. उभ्या रेषेत खाली शून्य येतो आणि शून्याने भागता येत नाही, त्यामुळे तिथे चढ ठरवता येत नाही असंच लिहायचं, ० लिहिलंत तर ती आडवी रेष झाली ना.

बिंदूंऐवजी समीकरण दिलं असेल, जसं ३एक्स + ४वाय = १२, तर वाय एकटा करा, वाय = −३/४ एक्स + ३, एक्सचा सहगुणक −३/४ हाच चढ. आणि रेषेने एक्स अक्षाच्या धन दिशेशी केलेला कोन दिला असेल तर त्याचा टॅन घ्या, ४५ अंशाला १, ६० ला √३, १३५ ला −१.

तीन बिंदू एकरेषीय आहेत का विचारलं तरी हेच करायचं. वरच्या दोघांसोबत क (४, −९) घ्या, ब ते क चढ −४ भागिले २, परत −२, आणि ब दोन्हीकडे कॉमन आहे म्हणून तिघं एकाच रेषेवर. समांतर रेषांचे चढ सारखे असतात, लंब असतील तर गुणाकार −१, म्हणजे आपल्या रेषेला लंब रेषेचा चढ १/२. फक्त यातली एक रेष उभी असेल तर गुणाकार करत बसू नका, तिला लंब असणारी सरळ आडवीच असते.