लात्व्हियन ‘नक्त्स’ : रात्रीसाठीचा एक शब्द आणि तो वापरायची रीत

लात्व्हियाची राजधानी रीगा, तिथल्या एका छोट्या गेस्टहाउसमध्ये मी रात्रपाळीला रिसेप्शनवर असते. त्यामुळे लात्व्हियन भाषेत माझ्या तोंडी सगळ्यांत जास्त कुठला शब्द आला असेल तर तो ‘नक्त्स’, म्हणजे रात्र. किती रात्री राहणार, काल रात्री कोण आलं, आज रात्री खोली आहे का, सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. शब्दकोशात त्याला एक ओळ पुरते. बोलताना मात्र त्याचं शेपूट कसं बदलतं हे कळल्याशिवाय काम भागत नाही. नव्याने ही भाषा शिकणाऱ्या मराठी माणसासाठी ते इथे मांडते आहे.

आधी उच्चार. ‘नक्त्स’ हा एका झटक्यात म्हणायचा शब्द आहे, मध्ये कुठेही स्वर घुसवायचा नाही. ‘न’मधला अ जरा उघडा, ‘आ’कडे झुकलेला, पण आखूड. शेवटचा ‘त्स’ इतरांना अवघड जातो, आपल्याला तो आयता मिळालेला आहे. ‘चांगला’ म्हणताना आपण जो च काढतो, तोच. आणि शब्द ओळखीचा वाटला असेल तर ते खरंच आहे. दिवसभर उपास करून रात्री एकदाच जेवायचं, त्या व्रताला आपण ‘नक्त’ म्हणतो. संस्कृतातलं ते ‘नक्त’ आणि हे ‘नक्त्स’ एकाच मुळाचे आहेत. दिवसाला इथे ‘दिएना’ म्हणतात, तो आपल्या ‘दिना’चा नातेवाईक. हे समजलं त्या दिवशी ही भाषा मला परकी वाटेनाशी झाली.

रात्र इथेही स्त्रीलिंगीच. पण शेवटच्या ‘स’मुळे फसगत होते. ‘वकर्स’ म्हणजे संध्याकाळ, ‘रीत्स’ म्हणजे सकाळ, आणि ‘स’ने संपणारे असे बहुतेक शब्द पुल्लिंगी असतात. ‘नक्त्स’ त्यांच्यातला नाही. तो डोळा (‘अत्स’), कान (‘औस्स’), मासा (‘ज़िव्स’) यांच्या छोट्या स्त्रीलिंगी गटातला. सकाळी दिवसपाळीची सहकारी येऊन ‘का नक्त्स?’, म्हणजे रात्र कशी गेली, असं विचारते. उत्तर ‘मिएरीगा’, शांत. सुरुवातीचे कित्येक दिवस मी ‘मिएरीग्स’ असं पुल्लिंगी उत्तर देत होते. ती दर वेळी हळूच ‘मिएरीगा’ म्हणायची आणि कोट अडकवायची.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, ऱ्हस्व-दीर्घ. ‘नक्ति’ (ऱ्हस्व) हे कर्माचं रूप, म्हणजे रात्र घालवणे, रात्रभर जागणे वगैरे. ‘नक्ती’ (दीर्घ) म्हणजे रात्री, रात्रीच्या वेळी. अनेकवचनातही तोच फरक आहे. ‘नक्तिस’ म्हणजे नुसत्या रात्री, मोजायच्या. ‘नक्तीस’ म्हणजे रात्रीच्या वेळी, नेहमीच. मी रात्रपाळी करते हे सांगायचं तर ‘एस स्त्रादायु नक्तीस’. शब्दाच्या शेवटी आलेली इ दीर्घ लिहायची आणि तशीच ओढायची, ही आपली सवय. इथे ती मोडावी लागते. मी ‘आणि’ हा शब्द डोळ्यांसमोर ठेवते, त्यातली णि जशी तोकडी तशी ‘नक्ति’तली ति.

‘शुभ रात्री’साठी म्हणतात ‘अर् लबु नक्ति’. शब्दशः अर्थ ‘चांगल्या रात्रीसह’. हे फक्त झोपायला जाताना म्हणायचं. आल्या आल्या कधीच नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात रात्री अकराला एक बाई सामान घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मी त्यांना अगत्याने ‘अर् लबु नक्ति’ म्हटलं. त्या जिन्याकडे बघत थांबल्या. खोली मिळणार नाही असं मी सांगते आहे, असा त्यांचा समज झाला होता. भेटताना कितीही उशीर झाला असला तरी ‘लब्वकर’, शुभ संध्याकाळ. संध्याकाळी कुणी बाहेर पडत असेल तर ‘याउकु वकरु’, संध्याकाळ छान जावो.

आज रात्री म्हणजे ‘शुओनक्त’, काल रात्री म्हणजे ‘वकर्नक्त’. पण ‘शुओनक्त’ पुढे येणाऱ्या रात्रीला म्हणतात, तसंच आत्ता सरलेल्या रात्रीलाही. सकाळी पाहुणा ‘शुओनक्त नीट झोप लागली नाही’ म्हणतो तेव्हा तो मागची रात्रच सांगत असतो. क्रियापदाचा काळ ऐकायचा, म्हणजे गोंधळ होत नाही.

‘सोमवारी रात्री’ म्हणजे नेमकी कधी, हा घोळ आपल्याकडेही होतो, बारानंतर वार कुठला धरायचा यावरून. इथल्या लोकांनी तो छान सोडवला आहे. ते म्हणतात ‘नक्ती उज़ उओत्रदिएनु’, मंगळवारकडे जाणारी रात्र. म्हणजे सोमवार मावळून मंगळवार उजाडेपर्यंतची. बातम्यांत, हवामानाच्या अंदाजात हेच ऐकू येतं. फोनवर तारीख पक्की करताना मी आता दुसरं काही वापरतच नाही.

‘नक्ती’ आणि ‘प नक्ति’ यांतही भेद आहे. पहिल्यात नुसती वेळ सांगितलेली असते. दुसऱ्यात रात्रीतून काहीतरी घडून गेलेलं असतं, जसं सकाळी उठून बघावं तर रात्रीतून बर्फ पडलेला. रात्रभर म्हणायला ‘विसु नक्ति’.

मोजताना एक रात्र ‘विएना नक्त्स’, दोन ‘दिवस नक्तिस’ (हा ‘दिवस’ आपला दिवस नव्हे, दोन!). दहाबरोबर ‘नक्शु’ हे रूपही चालतं, ‘देस्मित नक्शु’. एकवीस मात्र लक्षात ठेवा, एकवीस रात्रींना एकवचनच लागतं, ‘दिव्देस्मित विएना नक्त्स’. शेवटचा आकडा एक असला की शब्द एकवचनी होतो, फक्त अकराला ते लागू नाही. आणि ‘दोन रात्रींसाठी खोली’ हवी असेल तर ‘उज़ दिवाम नक्तीम’.

याच शब्दापासून झालेले इतर शब्द रोज लागतात. ‘पुस्नक्त्स’ मध्यरात्र, शब्दशः अर्धी रात्र. ‘नक्त्समायस’ रात्रीपुरता निवारा, शब्दशः रात्रीची घरं, आणि तो कायम अनेकवचनीच. ‘नक्श्ञुओत’ मुक्काम करणे. ‘नक्त्सतौरिन्श’ पतंग, म्हणजे रात्रीचं फुलपाखरू.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय ‘दिएन्नक्त्स’. दिवस अधिक रात्र, म्हणजे आपलं ‘अहोरात्र’. पण आपण अहोरात्र नुसतं कष्टांबद्दल म्हणतो, इथे ते चोवीस तासांचं रोखठोक माप आहे. चोवीस तास उघडं असणारं औषधांचं दुकान ‘दिएन्नक्त्स अप्तिएका’. एका पाहुण्याने गाडी ठेवायला दोन ‘दिएन्नक्तिस’ मागितल्या आणि मी वहीत दोन रात्री लिहिल्या. तो संध्याकाळी सहाला आला होता, म्हणजे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत जागा त्याची होती. मी ती सकाळीच दुसऱ्याला दिली. त्याची माफी मागितली, आणि तेव्हापासून वहीत रात्रींचा रकाना वेगळा आणि दिएन्नक्तींचा वेगळा आखलेला आहे.

डिसेंबरात इथली रात्र सतरा तासांहून मोठी असते, आणि जूनमध्ये ती जेमतेम सहा तासांवर येते. म्हणूनच लात्व्हियातली सगळ्यांत मोलाची रात्र ही सगळ्यांत छोट्या रात्रींपैकी एक आहे, ‘यान्यु नक्त्स’, २३ जूनची संध्याकाळ ते २४ जूनची पहाट. हे दोन्ही दिवस सुट्टीचे. बायका फुलांचे मुकुट घालतात, पुरुष ओकच्या पानांचे. शेकोट्या पेटतात, ओव्याच्या चवीशी नातं सांगणारं शहाजिरं घातलेलं चीज आणि बिअर असते, आणि नेच्याचं कधीच न उमलणारं फूल शोधायला जोड्या रानात जातात. त्या रात्री सूर्य उगवेपर्यंत जागायचं असतं. जो झोपेल तो उन्हाळाभर पेंगेल, असं मानतात. तेव्हा त्या संध्याकाळी निरोप घेताना कुणालाही ‘अर् लबु नक्ति’ म्हणू नका. ‘प्रिएत्सीगुस लीगुओ स्वेत्कुस’ म्हणा, सणाच्या शुभेच्छा, आणि शेकोटीजवळ सरकून बसा.