कुंडीखालचं पाणी मोजा, मग खत घाला
इंदूरात गच्चीवर कोकोपीटमधे (नारळाच्या काथ्याच्या भुशात) टोमॅटो लावलेत ना, मग ईसी मीटर घ्याच, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते विजेच्या वहनावरून सांगणारं यंत्र. आधी खताचं पाणी मोजायचं, समजा २ (मिलिसीमेन्स/सेंमी) आलं, मग हळूहळू ओतायचं, साधारण १०-२० टक्के खाली निथळेपर्यंत, आणि ते ताटलीतलं लगेच मोजायचं, कालचं साचलेलं नाही हं, उन्हात पाणी उडतं आणि आकडा फुगतो. निथळलेलं ३ च्या वर गेलं तर क्षार साठतायत, पुढचं पाणी अर्ध्या खताचं भरपूर द्या. घातलेल्या पाण्यापेक्षा कमी आलं तर झाड खातंय, खत थोडं वाढवा. बोरिंगचं पाणी मात्र नुसतंच आधी मोजा, नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यापेक्षा ते बहुतेक जडच निघतं. पीपीएमवाल्या (दहा लाख भागांत किती भाग क्षार ते दाखवणाऱ्या) मीटरमधे ईसी १ म्हणजे ५०० किंवा ७०० असे दोन हिशोब असतात, आपला कुठला ते बघून घ्या.