मुंबईतला कातळ राखायचा कसा? सुरुवात पायथ्यापासून

अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल म्हणजे सुमारे 200 फूट उंचीचे, एकमेकांना चिकटून उभे असलेले बेसाल्टचे खांब. शिलारस थंड होताना आकसला, थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात तडे गेले, ते आत आत सरकत गेले आणि बहुकोनी खांब तयार झाले. ही गोष्ट सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. 2007 साली महापालिकेने या टेकडीला वारसा दर्जा दिला, पण तोवर आधी खाणींनी आणि मग इमारतींनी तिला चहूबाजूंनी कुरतडलं होतं. माथ्यावर मंदिर आहे, बाग आहे, लोक तिथे जातात आणि देखभालही तिथेच होते. कातळ मात्र खालून जातो. म्हणून पहिला नियम हा, की पैसा आणि लक्ष आधी पायथ्याला द्यायचं.

तुमच्या भागात असा कडा, जुन्या खाणीची उघडी भिंत किंवा किनाऱ्यावरचा खडक असेल आणि सोसायट्या, शाळा किंवा स्थानिक मंडळ मिळून तो जपायचं ठरवत असाल, तर पुढची कामं याच क्रमाने करा.

आधी नोंद

नोंद नसली की मागे काहीच उरत नाही. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, एकोणिसाव्या शतकात बेडकाचे जीवाश्म सापडले. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहेत. त्या टेकडीवर आता इमारतींची दाटी आहे.

नोंदीसाठी महागडं काही लागत नाही. दहा सेंटीमीटरची काळी-पांढरी पट्टी, 30 मीटरचा टेप, मोबाइल आणि वही पुरते. संपूर्ण दर्शनी भाग डावीकडून उजवीकडे टिपा. शेजारच्या दोन फोटोंत 70 ते 80 टक्के भाग सामाईक राहू द्या, म्हणजे पुढे त्यातून त्रिमित प्रतिकृती करता येते. मोबाइलची वाइड लेन्स वापरू नका, कडेचे खांब वाकडे दिसतात. विमानतळाच्या जवळ ड्रोनची परवानगी मिळणं अवघड असतं. त्यापेक्षा समोरच्या सोसायटीची गच्ची मागा. सकाळचं तिरपं ऊन असेल तर भेगा स्पष्ट उठून दिसतात.

भेगांची दिशा मोजताना एक फसगत नेहमी होते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि खडकाला टेकवलेला होकायंत्राचा काटा त्याने हलतो. मोबाइलचा कंपास तर हमखास भरकटतो. दहा-बारा पावलं मागे या, तिथून दिशा घ्या, मग एखाद्या ओळखीच्या इमारतीची दिशा नकाशावरच्या दिशेशी जुळते का ते पाहा.

सगळ्यात मोलाची नोंद पडलेल्या दगडांची. पायथ्याशी दगड दिसला की तो हलवण्याआधी तारीख, आकार आणि कड्यापासूनचं अंतर लिहा. दोन पावसाळ्यांत तुमच्याकडे एक रेघ तयार होते: दगड प्रत्यक्षात कुठवर येतात ती. इंजिनिअर आला की त्याला आधी ही वही दाखवा.

त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, तेच फोटो मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबर संपताना पुन्हा घ्या. भेगेजवळ पट्टी धरायला विसरू नका. खडकात खिळे ठोकून मोजमापाची खूण करू नका, एक खिळाही पाण्याला वाट देतो.

कागद

कड्याखालची जमीन कुणाची, हे गृहीत धरू नका. माथा एकाचा, उतार दुसऱ्याचा, पायथा तिसऱ्याचा, हे मुंबईत नेहमीचं. सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) काढा, प्रॉपर्टी कार्ड घ्या आणि विकास आराखडा 2034 मधला शेरा मागवा. आरक्षण, रस्तारेषा, वनजमीन आहे की नाही हे त्यातून कळतं. बाकीची माहिती हवी तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. चार विषय एकत्र लिहिले की पहिल्याचंच उत्तर मिळू शकतं, बाकीच्यांसाठी नवे अर्ज करावे लागतात, मग आणखी महिना जातो.

वारसा यादीत नाव यावं म्हणून प्रस्ताव देताना नुसतं ‘प्राचीन व दुर्मीळ खडक’ लिहून भागत नाही. इथे नेमकं काय दिसतं, तेच शहरात आणखी कुठे दिसतं, आणि कोणता भाग झाकला गेला तर महत्त्व संपेल, एवढं मुद्देसूद लिहा. हा तिसरा मुद्दा बहुतेकजण गाळतात. नकाशावर सीमा आखताना कड्याचा पायथा आणि त्यापुढची दगड पडण्याची पट्टी आत घ्या. सीमा कड्याच्या कडेवर थांबवली तर उद्या पायथ्याशी पाया खोदायला कुणी अडवू शकत नाही.

जोगेश्वरी, महाकाली, कान्हेरी या लेण्यांचं काम वेगळं. तिथे पुरातत्त्व कायद्याने 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे 200 मीटर नियमन आहे, म्हणून आजूबाजूच्या कातळालाही आपोआप थोडं कवच मिळतं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला खडक सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात येतो. तिथे दगड काढताना कुणी दिसलं तर जागेवर वाद घालू नका, फोटो आणि वेळेसकट लेखी तक्रार करा.

पाणी

कडा ढासळतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. भेगांत पाणी साचतं, बारीक माती वाहून जाते, खांबांमधली पकड सुटते आणि एखाद्या मुसळधार रात्रीनंतर तुकडा निखळतो. पावसाच्या पाण्याला आपण थांबवू शकत नाही. माथ्यावरून रोज वाहणारं पाणी मात्र थांबवता येतं: गळका नळ, टाकीचा ओव्हरफ्लो, मंदिराच्या स्वयंपाकाचं सांडपाणी, बागेला सोडलेला पाइप. एप्रिलमध्ये, सगळं कोरडं असताना, कड्यावर ओले काळे पट्टे दिसले तर ते पाणी माणसाचंच समजा. विश्वस्तांशी बसून बोला, कडेपासून आत एक उथळ पन्हाळ घ्या आणि पाणी बंद पाइपने थेट पालिकेच्या गटारापर्यंत न्या. मे महिन्यात ती पन्हाळ साफ होते की नाही, हे एका माणसाच्या नावावर ठेवा.

पिंपळ आणि वडाचं रोप भेगेत दिसलं की ओढून काढायचा मोह होतो. ओढू नका. मूळ सैल खांबाला पहारीसारखं उचकटतं. कोवळं असताना खडकालगत कापा आणि दर दोन-तीन महिन्यांनी फुटवे छाटत राहा. बुंधा मनगटाएवढा झाला असेल तर तो काढायचा की राखायचा, हे भूतंत्र (जिओटेक्निकल) अभियंत्याने ठरवावं. कधी कधी तेच मूळ दगड धरून असतं.

दगड पडला की लगेच ‘काँक्रीट फवारून टाका’ अशी मागणी होते. माणसं खाली राहत असतील तर भीती खरी असते, तिला कमी लेखू नये. पण फवारलेलं काँक्रीट दोन प्रकारे नडतं. जे पाहायला लोक येतात तेच झाकलं जातं. आणि पाझराला वाट नसली की मागे पाण्याचा दाब वाढत जाऊन पूर्ण थरच सुटून येतो. आधी सैल दगड तज्ज्ञांकडून हाताने उतरवून घ्या, पायथ्याशी रिकामी पट्टी आणि झेलणारं कुंपण ठेवा, मग गरज असेल तेवढेच खांब बोल्टने धरा. फवारणी अटळच असेल तर पाझराची भोकं आराखड्यात दाखवायला लावा, आणि काम झाल्यावर ती बुजलेली नाहीत ना हे पहिल्या पावसात स्वतः पाहा.

रंगाने लिहिलेली नावं पुसायला ताराचा ब्रश किंवा ॲसिड नको. दोन्हींनी खडकाची जुनी कातडी निघते आणि नाव जाऊन त्याच आकाराचा फिकट डाग कायमचा राहतो. दहा सेंटीमीटरच्या चौकोनात पाणी आणि मऊ ब्रश वापरून पाहा. निघालं नाही तर तज्ज्ञ येईपर्यंत तसंच राहू द्या.

लोकांना आणायचं कसं

वाट कड्याखालून नेऊ नका, समोरून न्या. खांब पूर्ण दिसायला अंतर लागतंच. फलक खडकाला ठोकू नका, स्वतंत्र खांबावर कमरेच्या उंचीला लावा. साठ-सत्तर शब्द मराठीत आणि एक रेखाचित्र, बास. जोरदार पाऊस झाला की दोन दिवस पायथा बंद ठेवा, दगड बऱ्याचदा पाऊस थांबल्यावर येतात. शाळेच्या सहलीत हातोडी आणू देऊ नका. पोकळीतले पांढरे झिओलाइटचे स्फटिक पाहून मुलांचे हात शिवशिवतात, तेव्हा त्यांना भिंग द्या.

मोठे गट आधी फोर्टमध्ये न्या. गेटवेला खारोडीचा पिवळा दगड आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट. दोन रंग, दोन वेगळे शिलारस, आणि गर्दीने कातळाला धक्का नाही.

वांद्र्याच्या बँडस्टँडसारख्या किनाऱ्यावर वेळ भरतीच ठरवते. तक्त्यात ओहोटीची वेळ पाहा, तिच्या दोन तास आधी उतरा आणि ओहोटी पूर्ण झाली की परत फिरा. हीच वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारचं वेळापत्रक या रविवारी चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खडक सगळ्यात जास्त उघडा पडतो, पण पाणीही तितक्याच वेगाने परत येतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पुरेसा खडक दिसतच नाही. हिरवा शेवाळलेला भाग टाळा, घट्ट पकडीचे बूट घाला, आणि गटाच्या शेवटी भरतीची वेळ पाठ असलेला एक माणूस ठेवा. जून ते सप्टेंबर खडकांवर उतरूच नका, तेव्हा वरच्या फरसबंदीवरूनच दाखवा.